घरच्या दोन नळ्या

नळीमास्तरांना जगातली बहुतेक माणसं बिनकामाची वाटत. उरलेली त्यांना अजून भेटायची होती.

मोठ्या इस्पितळाच्या जिन्याखाली रक्त तपासण्याची एक लांबट खोली होती. तिथे त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. कागदोपत्री ते वरिष्ठ टेक्निशियन. पण दिवसभर काचेच्या नळ्या खिडकीसमोर धरून एक डोळा मिटून बघत राहणाऱ्या माणसाला कुणीतरी कधीतरी नळीमास्तर म्हटलं आणि ते चिकटलं. मास्तरांना ते ठाऊक होतं. नाव ठेवणाऱ्याची त्यांनी कीव केली होती. नाव ठेवायलाही थोडी अक्कल लागते, असं त्यांचं मत होतं.

डॉक्टरांना ते नाक मुरडत, कारण डॉक्टर चिठ्ठीवर कोंबडीच्या पायांसारखं लिहीत. रुग्णांना नाक मुरडत, कारण उपाशीपोटी या म्हटलं की हे लोक भरपेट येऊन वर ढेकर देत. चार महिन्यांपूर्वी जनावरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेतून बदली होऊन एक बाई आल्या होत्या. मास्तरांच्याच वयाच्या, जाड काचांचा चष्मा, फारसं न बोलणाऱ्या. त्यांना मास्तर 'गुरांच्या बाई' म्हणत. तोंडावर नाही, पण ऐकू जाईल इतपत पाठीमागे. पंचवीस वर्षं रक्त तपासलेल्या त्या बाईंना त्यांनी फ्रिज आवरायचं आणि नव्या बाटल्यांची खातरजमा करायचं काम दिलं होतं.

आणि या सगळ्यांच्या वर, यादीच्या अगदी माथ्यावर, बायकोचा धाकटा भाऊ होता.

मेहुण्याने पंधरा वर्षांत सात नोकऱ्या केल्या होत्या. आठवी शहराबाहेरच्या डेअरीवर. चारेकशे गायी, दूध काढायला यंत्रं, आणि गाभण गायींसाठी वेगळा गोठा. मेहुणा त्या गोठ्यावर. गाय अडली की वासरू ओढून काढायचं, वासरामागून पडलेली वार उचलून टाकायची, जागा धुवायची. दोन वर्षं तो तिथे टिकला, तेव्हा बायको म्हणाली, "बघा, लागला की नाही मार्गाला?" मास्तर म्हणाले, "गायींनी अजून तक्रार केली नसेल."

मग ताप सुरू झाला. तापही असा की मास्तरांना हसू यावं. सकाळी गडी ठणठणीत. दुपार कलली की डोळे लाल, अंग जड, कंबर धरलेली, आणि मग घाम असा की चादर पिळावी. आठ-दहा दिवस असं चालायचं. मग काहीच नाही. सगळे म्हणायचे, बरा झाला. की पुन्हा.

"ताप पण रजेचा अर्ज करून येतो," मास्तर म्हणत.

दोन महिने हे चाललं. शेवटच्या तीन आठवड्यांत तो एकदाही कामावर गेला नाही. रविवारी दुपारी तो बहिणीकडे आला तो भिंतीला हात लावत लावत, आणि खुर्चीत बसताना त्याने दोन वेळा श्वास घेतला. मास्तरांनी दोन्ही मोजले.

"अरे, असा कसा झालास तू?" बायको म्हणाली.

"ताई, मॅनेजरचा निरोप आलाय. आजार काय आहे त्याचा कागद आण म्हणाला. नाहीतर जागा दुसऱ्याला."

"शहाणा माणूस दिसतोय," मास्तर म्हणाले.

"अहो!"

"मी काय वाईट बोललो? तीन आठवडे गायी याच्यावाचून वितायत की नाही? वितायत. म्हणजे त्यांना काही अडलेलं नाही."

मेहुण्याने खिशातून चिठ्ठी काढली. गल्लीतल्या डॉक्टरने गुरांपासून माणसाला होणाऱ्या एका तापाची शंका लिहिली होती. ब्रुसेल्ला नावाच्या जंतूचा ताप. रक्त तपासा, म्हणे.

"भाऊजी, तुमच्याकडेच होते ना ही तपासणी?"

"होते. तुझी व्हायची काय गरज? कामाचा कंटाळा अजून आम्हाला नळीत दिसत नाही."

"तापमापी लावून बघा ना. आत्ता चढेल बघा, चार वाजत आले."

"तापमापी चहात बुडवली की ती पण चढते."

"लहान मुलासारखं काय बोलताय?" बायको चिडली.

"लहान मूल बरं. शाळा बुडवायची तर ते पोट धरतं. पोटाचं निदान खरं-खोटं लगेच कळतं. हा कंबर धरतो. कंबरेत कोण डोकावून बघणार?"

पण रक्त त्यांनी घेतलं. तिथेच, जेवणाच्या टेबलावर. पिशवीतून सुई काढली, दंडाला रबर बांधलं, आणि मेहुण्याला कळायच्या आत नळी भरलीसुद्धा. माणसांचा तिटकारा होता तरी शिरांशी मास्तरांचं भांडण नव्हतं. एवढं एक मान्य करायला हवं.

आता या तपासणीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

रक्त थोडा वेळ ठेवलं की वर पिवळसर पाणी सुटतं. त्याला सीरम म्हणतात. शरीराने एखाद्या जंतूशी लढायला प्रतिपिंडं तयार केली असतील तर ती याच पाण्यात असतात. आठ नळ्या ओळीने मांडायच्या. पहिलीत सीरम वीसपट पातळ, दुसरीत चाळीस, तिसरीत ऐंशी, असं दुपटी-दुपटीने शेवटपर्यंत. मग प्रत्येकीत मेलेल्या जंतूंचं दुधाळ पाणी घालायचं, ते कंपनीकडून बाटलीत येतं. नळ्या एक दिवस उबेत ठेवायच्या. प्रतिपिंडाला निदान दोन हात असतात. एका हाताने ते एक जंतू धरतं, दुसऱ्याने शेजारचा. असं करत करत जाळं विणलं जातं, ते तळाशी चादरीसारखं पसरतं आणि वरचं पाणी नितळ होतं. प्रतिपिंडं नसतील तर पाणी गढूळच राहतं. नितळ म्हणजे आजार, गढूळ म्हणजे सुटलात. जगाचा न्याय इथे उलटा आहे, पण पक्का आहे.

जंतूंची ती बाटली वर्षातून दोनदा येई, आणि दोन्ही वेळा उशिरा. इस्पितळातल्या लोकांचे काका, साडू, शेजारी "सहज बघा हो" म्हणत येऊ लागले, तेव्हा अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी एक रिवाज पाडला. अशा घरच्या नमुन्याला नोंदवहीत 'घ' लिहायचा आणि आठांऐवजी दोनच नळ्या लावायच्या. पहिली आणि दुसरी. आजार असेल तर दाट पाण्यात दिसणारच; पुढे पातळ करत बसायचं ते किती आहे हे मोजायला. घरच्यांना मोजून काय करायचंय? शितावरून भाताची परीक्षा होते. हा रिवाज कुठल्याही पुस्तकात नव्हता. पण जिन्याखालच्या खोलीत मास्तरांचा शब्द पुस्तकापेक्षा जुना होता.

सोमवारी सकाळी मेहुण्याच्या सीरमच्या दोन नळ्या उबेत गेल्या. मंगळवारी सकाळी त्या खिडकीसमोर धरल्या. दोन्ही गढूळ. धुतलेल्या तांदळाच्या पाण्यासारख्या.

मास्तरांना किती आनंद झाला ते सांगणं जरा अवघड आहे. आपला माणूस सुटला याचा तो आनंद नव्हता. आपलं मत सुटलं, याचा होता. त्यांनी स्वतः कागद टाइप केला, 'निगेटिव्ह' हा शब्द ठळक केला, शिक्का मारला, सही ठोकली आणि संध्याकाळी घरी जाताना तो पिशवीत न ठेवता हातात धरून नेला.

मेहुणा आलेलाच होता. मास्तरांनी कागद त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"काही नाहीये तुला."

मेहुण्याने वाचलं. "पण मग हे सगळं...?"

"ते मी काय सांगू? नळी सांगते ते मी सांगतो. ऐक आता, दोन महिने झोपून काढलेस, दोन मिनिटं बसून ऐक. जंतू अंगात शिरला की आधी गस्तीवरच्या पेशी त्याला गिळतात. नुसतं गिळत नाहीत, चावून त्याचा तुकडा अंगावर टांगून फिरतात. कशाला? दाखवायला. असला कुणीतरी घुसलाय म्हणून. तो तुकडा घेऊन त्या जातात गाठींमध्ये. काखेत, मानेत, जांघेत गाठी असतात ना, तिथे. तिथे कोट्यवधी पेशी बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला आयुष्यभरात एकच चेहरा ओळखता येतो. एकच!"

"तुमच्यापेक्षा एक जास्तच," बायको वाढता वाढता म्हणाली.

"मध्ये बोलू नकोस. जिला तो चेहरा जुळतो ती एकीच्या दोन, दोनाच्या चार, अशी लाखांनी वाढते. आठवडा-दोन आठवडे लागतात. मग काही पेशी हत्यारं गाळायला लागतात, काही बिघडलेल्या पेशी शोधून मारतात, आणि काही नुसत्या लक्षात ठेवतात. वर्षानुवर्षं. पुन्हा तोच चोर आला तर दारातच धरायला. आणि यातल्या एका जातीचं शिक्षण कुठे होतं माहितीये? छातीच्या हाडामागे. थायमस म्हणतात. शाळाच ती. शंभरातल्या पंच्याण्णव नापास. काही ओळखतच नाहीत म्हणून नापास, काही आपल्याच घरावर उलटतात म्हणून नापास. आणि नापास म्हणजे घरी पाठवत नाहीत, तिथल्या तिथे संपवतात. आपल्याकडे मात्र सगळे वरच्या वर्गात." मास्तरांनी मेहुण्याकडे पाहिलं. "सात-सात नोकऱ्या करतात."

"पुरे हं आता," बायको म्हणाली.

"मुद्दा एवढाच की दोन महिने शत्रू आत असता तर रक्त हत्यारांनी खच्चून भरलेलं असतं. याच्या रक्तात एक हत्यार नाही. म्हणजे शत्रू नाही. शरीर खोटं बोलत नाही बाबा. बोलतो तो त्याचा मालक."

मेहुण्याच्या कपाळावर तेव्हाही घाम होता. त्याने कागदाची घडी केली, एकदा, मग पुन्हा. अर्धं ताट तसंच ठेवून तो उठला.

"बरं," तो म्हणाला. "उद्या जातो कामावर."

"बघ," तो गेल्यावर मास्तर बायकोला म्हणाले, "कागदाने बरा झाला. औषधही नाही लागलं."

भावाचं अर्धं ताट उचलून बायको आत निघून गेली. तिलाही त्यांनी यादीत कुठेतरी बसवलं.

शुक्रवारी दुपारी तिचा इस्पितळात फोन आला. मेहुणा बुधवारी गेला, गुरुवारी गेला, आज वासराला बांधलेला दोर ओढता ओढता गुडघ्यावर बसला तो उठलाच नाही. दोघांनी धरून बाहेर आणला. मॅनेजरने सगळ्यांसमोर तो कागद वाचून दाखवला. इस्पितळ म्हणतंय काही झालेलं नाही, हा म्हणतो उठता येत नाही. सोमवारी शेवटची संधी. नीट उभा राहिला तर ठीक, नाहीतर हिशोब घेऊन जा.

"तुमचा कागद वाचून दाखवला हो," बायको म्हणाली.

"मग? शुद्ध वाचला का त्याने?" मास्तर म्हणाले, आणि फोन ठेवला.

शनिवारी सकाळी गुरांच्या बाई नळ्यांचा स्टँड घेऊन त्यांच्या टेबलाशी आल्या.

"सर, नवी बाटली बिघडलेली दिसतेय."

"का? दूध नासलंय का तिचं?" मास्तरांनी मान वर केली नाही.

बाईंनी ते ऐकलं नाही असं केलं. "काल खातरजमा लावली होती. माहीत असलेल्या पॉझिटिव्ह सीरमला बरोबर आलं. पण निगेटिव्हला पण पॉझिटिव्ह दाखवतेय."

"निगेटिव्ह कुठला घेतलात?"

"फ्रिजमधला. 'घ' लिहिलेला, सोमवारचा. तुमच्या हातचा निगेटिव्ह, म्हणजे शंकाच नको, म्हणून तोच घेतला."

मास्तरांनी मान वर केली.

बाईंनी आठही नळ्या लावल्या होत्या. जनावरांच्या प्रयोगशाळेत त्यांना दुसरी पद्धतच माहीत नव्हती. गाईला काका नसतात, साडू नसतात. मास्तरांनी स्टँड हातात घेतला आणि खिडकीसमोर धरून एक डोळा मिटला.

पहिली नळी गढूळ. दुसरी गढूळ. तिसरी गढूळ. चौथी जराशी निवळली होती. पाचवी नितळ, तळाशी चादर. सहावी नितळ. सातवी नितळ, आरशासारखी. आठवी पुन्हा गढूळ.

हे काय आहे ते मास्तरांना ओळखायला क्षणही लागला नाही. चौदा वर्षं ते शिकाऊ पोरांच्या दर नव्या तुकडीला हेच शिकवत होते, आणि ज्याला उत्तर येत नसे त्याला वर्गात उभं करत होते. प्रतिपिंडं नको इतकी असली की जाळं होत नाही. एकेका जंतूला इतके हात येऊन चिकटतात की तो पुरता झाकला जातो. प्रत्येक प्रतिपिंडाचा दुसरा हात मोकळा राहतो, पण त्याने धरावं कुणाला? शेजारचाही तसाच झाकलेला. गर्दी असते, साखळी नसते. पाणी गढूळच राहतं. पातळ करत गेलं, गर्दी हटली, की पाचव्या-सहाव्या नळीत खरं ते दिसतं. ब्रुसेल्लाच्या बाबतीत तर हे नेहमीचंच. "आजार जितका जोरात, तितक्या पहिल्या नळ्या साळसूद," असं वाक्यच होतं त्यांचं. पोरं ते वहीत लिहून घेत.

आणि त्यांच्या रिवाजाने ते फक्त पहिल्या दोन नळ्याच बघत आले होते. अकरा वर्षं.

"पाठवू का बाटली परत?" बाईंनी विचारलं.

"पाठवा," मास्तर म्हणाले.

बाई स्टँड घेऊन गेल्या. मास्तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत जागचे हलले नाहीत. आयुष्यभर तिरस्कार करत आलेल्या माणसाला अशा वेळी एक सोय असते. दोष द्यायला माणसं तयार असतात. त्यांनी आधी कंपनीला धरलं. मग गल्लीतल्या डॉक्टरला. शंका होती तर त्याने जोर देऊन का नाही लिहिलं? मग बायकोला, भावासाठी तिने रक्त घ्यायला लावलं म्हणून. मग खुद्द मेहुण्याला. खरंच ताप होता तर हा गाढव 'बरं' म्हणून उठून का गेला? ओरडला का नाही? मग अकरा वर्षांतले सगळे काका आणि साडू. पण त्यातला एकेक जण चार पावलं चालून त्यांच्याच टेबलाशी परत येत होता. शेवटी यादीत दुसरं कुणी उरलं नाही, आणि उरलेल्या एकाला कसं बोलावं याची त्यांना सवय नव्हती.

दुपारी खोलीत कुणी नाही असं बघून ते फ्रिजपाशी गेले. 'घ' लिहिलेल्या नळीत चार थेंब सीरम उरलं होतं. त्यांनी जुनी बाटली काढली, तीच जिच्यातून सोमवारी दोन नळ्या भरल्या होत्या, आणि आठ नळ्या लावल्या. 

रविवारी ते कधी इस्पितळात येत नसत. त्या रविवारी आले. नळ्या उबेतून काढल्या. जुन्या बाटलीने शब्द न शब्द तेच सांगितलं.

"माझ्या नळ्याही तेच सांगतायत," मागून आवाज आला. रविवारची पाळी गुरांच्या बाईंची होती. त्यांनी टेबलावर दुसरा स्टँड ठेवला. "नव्या बाटलीने दुसरा एक निगेटिव्ह लावून बघितला काल. आठही नळ्या गढूळ. म्हणजे बाटली चांगली आहे."

"परत पाठवली नाहीत?"

"नाही."

"मी सांगितलं होतं पाठवा म्हणून."

"हो. पण पहिल्या तीन गढूळ आणि पुढच्या नितळ, असं बाटली बिघडल्यावर होत नाही ना सर. दुपारी ध्यानात आलं."

"मग दुपारीच बोलला का नाहीत?"

बाईंनी चष्मा पदराने पुसला. "तुम्ही बोलता का, ते बघत होते."

मास्तरांच्या जिभेवर चार-पाच वाक्यं आली. सगळी धारदार होती, आणि एकही कामाचं नव्हतं. त्यांनी नोंदवही ओढली, मेहुण्याच्या नावापुढचा 'निगेटिव्ह' रेघ मारून खोडला, शेजारी सातव्या नळीचा १२८० हा आकडा लिहिला. पुढचा रकाना कारणाचा होता. त्यात त्यांनी लिहिलं, 'प्रतिपिंडांच्या अतिरेकामुळे पहिल्या नळ्यांत जाळं झालं नाही.'

बाईंनी खांद्यावरून वाचलं. "हे कारण नाही सर."

"म्हणजे? पुस्तकात वाचा."

"ते सीरमचं वागणं झालं. ते नेहमी तसंच वागतं. चुकीच्या रिपोर्टचं कारण दोन नळ्या हे आहे."

 मास्तरांनी आपलं वाक्य खोडलं आणि त्याखाली लिहिलं, 'आठांऐवजी दोनच नळ्या लावल्या.' मग सही केली. आजवर केलेल्या सह्यांमध्ये ही सर्वांत लहान होती.

"जनावरांपासून आलेला आजार आहे," बाई म्हणाल्या. "नियमाप्रमाणे वर कळवावं लागेल. मी कळवते आत्ताच. आणि बाकीचे 'घ'?"

"किती आहेत?"

"वहीत सगळ्या तपासण्यांचे मिळून तीनशे चार. ब्रुसेल्लाचे एकोणीस."

"पत्ते काढा," मास्तर म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "काढू आपण. उद्या दुपारी. सकाळी मला एक काम आहे."

सोमवारी सात वाजता ते डेअरीवर पोचले तेव्हा मेहुणा मॅनेजरच्या खोलीबाहेर एका पालथ्या बादलीवर बसला होता. यंत्रं सुरू होती, ओल्या सिमेंटवरून रबरी बूट घालून माणसं जात-येत होती आणि त्याच्याकडे बघत नव्हती. संपलेल्या माणसाकडे कुणी बघत नाही, हे मास्तरांना ठाऊक होतं. ते स्वतःही कधी बघत नसत.

"तुम्ही?" मेहुणा म्हणाला. "बघायला आलात?"

"आत चल."

मॅनेजर बुटका, नीटनेटका, खिशाला तीन पेनं लावलेला माणूस होता. मास्तरांनी नवा कागद पुढे केला. त्याने तो वाचला, मग खणातून जुना काढला आणि दोन्ही शेजारी ठेवले.

"सही एकच दिसते."

"माझी आहे."

"दोन्हींवर?"

"दोन्हींवर."

"मग खरा कुठला म्हणायचा?" मॅनेजर हसला. "तुमच्याकडे काय, बायको आठवडाभर रडली की रिपोर्ट बदलतो?"

मास्तरांनी हे हसू ओळखलं. आरशात बघून दाढी करताना ते रोज त्यांना भेटत असे.

"पहिला खोटा आहे. मी तपासणी अर्धवट केली. हा माणूस कामचुकार आहे असं मला आधीच ठाऊक होतं, म्हणून मी पुढच्या नळ्या लावल्या नाहीत." ते बोलताना दाराशी दोन रबरी बूट थांबले. मास्तरांनी आवाज कमी केला नाही. "याला दोन महिने आजार आहे. पहिल्या दिवसापासून होता."

मेहुणा खाली बघत होता.

मॅनेजरने खुर्ची मागे रेटली. आता तो हसत नव्हता. "हे बघा, तुम्ही शिकलेले आहात. हा कागद धरला तर आजार आमच्या गोठ्यातला ठरतो. मग गायींचं रक्त, दुधाची तपासणी, सगळा गोंधळ. आपण असं करू. नुसता ताप म्हणून लिहून आणा. याला मी दीड महिना रजा देतो, पगारी देतो, जागा ठेवतो. गायींचं नाव नको. झालं ना सगळ्यांचं भलं?"

 खरं सांगायचं तर क्षणभर त्यांना ते बरं वाटलं. जागा राहत होती, त्यासाठीच ते आले होते.

"माझ्याबरोबर अजून चौघं वासरं ओढतात," मेहुणा म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?"

"एकाला मागल्या आठवड्यापासून संध्याकाळी थंडी वाजतेय. त्याला पण कामचुकार म्हणताय तुम्ही." तो भिंतीला धरून उभा राहिला होता. "नुसता ताप नको मला. काय आहे ते लिहिलेलंच राहू दे. जागा गेली तर गेली. सात गेल्यात आधी."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. या माणसाला ते बावीस वर्षं ओळखत होते.

"कागद काल दुपारीच वर गेलाय," ते मॅनेजरला म्हणाले. "जनावरांच्या खात्याचे लोक एक-दोन दिवसांत येतीलच गायी बघायला. त्यांनी आल्या आल्या विचारलं की पहिला रोगी कुठाय, तर त्याला आजच काढून टाकलाय म्हणून सांगणार का?"

मॅनेजरने एक पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं.  मग त्याने रजेचा अर्ज पुढे सरकवला. "किती दिवस?"

"सहा आठवडे. दोन औषधं आहेत, रोज. एक दिवस चुकवायचं नाही."

मास्तरांनी टेबलावरचा पहिला कागद उचलला, त्यावर आडवी रेघ ओढली, 'रद्द' लिहून सही केली आणि तो तिथेच परत ठेवला. सोबत नेला नाही.

बाहेर फाटकाशी गाडीची वाट बघत दोघं थांबले. पहिल्या नळ्या का गढूळ राहिल्या आणि बाईंनी ते कसं पकडलं, ते मास्तरांनी त्याला सांगून टाकलं होतं. मेहुणा कठड्याला टेकला होता. मास्तरांनी त्याला दोनदा बस म्हटलं, तो बसला नाही.

"एक विचारू भाऊजी? हत्यारं इतकी होती म्हणता, नळीत मावेनात इतकी. मग मी बरा का नाही झालो?"

"हा जंतू लबाड आहे," मास्तर म्हणाले. व्याख्यानाचा सूर लागत होता तो त्यांनी आवरला. "गस्तीवरची पेशी त्याला गिळते ना, तिच्याच पोटात तो मुक्काम करतो. मरत नाही. हत्यारं बाहेर रक्तात फिरतात आणि तो आत बसून असतो. अशी पेशी आतून मारायला दुसऱ्या जातीच्या पेशी लागतात, त्यांना वेळ लागतो. त्यांच्या मदतीला औषध. म्हणून सहा आठवडे."

"म्हणजे शरीर लढत होतं."

"जोरात लढत होतं."

मेहुण्याने मान हलवली. गाडी लांबून येताना दिसली.

"पुन्हा रक्त द्यावं लागेल ना? औषध संपल्यावर?"

"हो. घरी येऊन घेईन मी. तुला कळणारही नाही."

"ते खरं. हात हलका आहे तुमचा." तो फाटकापासून सुटा झाला. "पण नको. मी तिकडे येईन, रांगेत उभा राहीन. त्या बाईंच्या हातात देईन. ताईला वाईट वाटेल, पण तिला सांगा तुम्ही."

गाडी थांबली. मास्तरांनी दार उघडून धरलं आणि आधारासाठी हात पुढे केला. मेहुण्याने दाराची कड धरली, दोन वेळा श्वास घेतला आणि आपला आपण आत जाऊन बसला.